रुमालाखालचा हात

सांगलीतली आमची हळदीची पेढी आता संग्रहालय झाली आहे. माझ्याच माहेरी मी तिकीट काढून गेले. राग आला, पण काढणार कुणावर? पेढीसकट घर आम्हीच राजीखुशीनं विकलं होतं.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, झटका आला आणि वाचा गेली. तेव्हापासून ते मलकापूरला माझ्याकडे असतात. चहा, पाणी, पंखा, मी सुचेल ते विचारते आणि ते मान हलवतात. पण त्यांना आणखी काहीतरी सांगायचं असतं. डोळ्यांत ते दिसतं आणि माझा जीव तुटतो. जुनं घर पाहून एखादा शब्द फुटेल, या वेड्या आशेनं त्यांना घेऊन गेले होते.

पेढीवर पांढरीशुभ्र गादी, लोड, बरणीत हळकुंडं. हळदीचा वास तेवढा नव्हता. गादीवर एक रुमाल पसरलेला. पूर्वी सौदे अशाच रुमालाखाली व्हायचे. दोघांचे हात आत, बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडातून चकार शब्द नाही.

अण्णा सरळ जाऊन गादीवर बसले.

"आवं बाई, तितं बसायचं न्हाई," पहारेकरी धावला. ही त्यांचीच गादी, असं मी सांगितलं. तो जरा घुटमळला. "मग बसू द्या. मी बगितलंच न्हाई."

अण्णांनी रुमालाखाली हात घातला आणि माझ्याकडे पाहिलं. मी समोर बसून माझा हात आत सरकवला. त्यांनी दोन बोटं दाबली, मग अख्खा पंजा, मग पुन्हा एक बोट. चेहरा असा उजळला होता! ते बोलत होते, आणि मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. मुलींना पेढीवर मज्जाव होता. मी दाराआडून नुसता रुमाल हललेला पाहिला होता.

"तुम्हाला येतं का हो हे?" मी पहारेकऱ्याला विचारलं.

"न्हाई बाई. जाणती माणसं गेली समदी."

अण्णा वाट बघत होते. काहीतरी उत्तर द्यायला हवं म्हणून हाताला लागलं ते बोट मी दाबलं. ते थबकले, माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी हात काढून घेतला आणि रुमालाची घडी घातली. सौदा फिसकटला की ते असंच करायचे, एवढं मात्र मला ठाऊक होतं.

हल्ली संध्याकाळी मी आमच्या दोघांमध्ये टॉवेल पसरते आणि त्याखाली हात ठेवून बसते. त्यांचा हात येत नाही.