खाली बसायचं नाही

वेसाव्याच्या कोळीवाड्यातली कमळ अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची. ओल्या फरशीवर बुटका पाट, पायाखाली दाबलेला कोयता, समोर टोपलीत पापलेटं आणि सुरमई. ही जागा तिच्या सासूची. लग्नाची हळद उतरायच्या आत कमळ तिथे बसली, ती साठी ओलांडली तरी उठली नव्हती.

मग बंदरावर मासळीच्या पाण्यातून चालताना तिचा पाय सटकला आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सांधाच बदलला. ऑपरेशन झकास झालं, असं सगळे म्हणाले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "चाला, फिरा, जिने चढा. फक्त मांडी घालून किंवा उकिडवं बसायचं नाही. कधीच नाही."

"मग मी बसू कुठं?"

"खुर्चीत बसा की, मावशी."

कमळने सुनेकडे पाहिलं. खुर्चीत बसून मासळी कोण कापतं?

सून कल्पिता मालाडला मोबाइलच्या दुकानात कामाला होती. बाजारातली जागा रिकामी दिसली की दुसरीच कुणी टोपली मांडते, म्हणून तिने नोकरी सोडली आणि सासूच्या पाटावर जाऊन बसली. दुपारी बोटांना चिंधी बांधून, निम्मी मासळी तशीच घेऊन परत यायची. कमळ वॉकरला धरून दारात उभी असायची. टोपलीत डोकावायची आणि आत वळायची.

व्यायाम शिकवायला नेत्रा नावाची मुलगी यायची. पाय बाजूला न्या, टाच दाबा, गल्लीच्या टोकापर्यंत चाला. कमळ दातओठ खाऊन सगळं करायची. पायात ताकद आली की बसता येईल, असं तिने मनाशी धरलं होतं. डॉक्टर काय, सगळ्यांनाच घाबरवतात.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मुलगा प्रज्योत बोटीवर, कल्पिता बाजारात. कमळने कोपऱ्यातला जुना पाट पुढे ओढला, फ्रिजमधला बांगडा काढला आणि भिंतीला धरून हळूहळू खाली बसली. बसली! कोयत्यावर पाय ठेवला. बांगडा उचलायला पुढे वाकली आणि खुब्यात कडकन आवाज झाला.

पाय आत वळून तसाच आखडला. ती ओरडली, तर शेजारच्या घरात लग्नाच्या हळदीचा बेंजो दणदणत होता. मांजर आलं, बांगडा घेऊन गेलं. कमळ त्याच्याकडे बघत फरशीवर पडून राहिली.

कल्पिता आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कुणाला सांगू नको, मी बसले होते."

सांधा निखळला होता. भूल देऊन डॉक्टरांनी परत बसवला. घरी आल्यावर कमळने भिंतीकडे तोंड केलं. नेत्रा आली तरी डोळे उघडेना. जेवणाचं ताट तसंच परत जायचं.

"मना कशाला उठवता? उठून काय करू? दारात उभी राहून माणसं मोजू?" एकदा तर म्हणाली, "बंदरावर डोकंच फुटलं असतं तर सुटले असते."

त्या दिवशी कल्पिताने टोपली आदळली. "आये, मला नाय जमत! बंदरावरच्या लिलावात शिळा माल माझ्या गळ्यात मारतात. बोली वाढवताना कुठं थांबायचं तेच मला कळत नाय. तुला बसता येत नाय, उभं तर राहता येतं ना? मी पण मरू काय तुझ्याबरोबर?" बोलता बोलता ती हमसून रडायला लागली.

भिंतीकडे बघतच कमळने विचारलं, "ती सुरमई कुणी दिली तुला? वास येतोय."

पुन्हा चालायला लागायला बरेच आठवडे गेले. अखेर एका सकाळी एका हातात काठी, दुसरा कल्पिताच्या खांद्यावर, अशी ती बंदराकडे निघाली. डोक्यावर टोपली घेऊन एका दमात गाठायची वाट आता संपेना. दिसेल त्या ओट्याला ती टेकत होती. ओळखीच्या बायका "बरी हाय ना गं?" विचारून पुढे निघून जात होत्या. बंदराच्या तोंडाशी, जिथे पाय सटकला होता ती ओली फरशी दिसली आणि कमळ थांबली.

"मना घरी ने."

"पुढं नको येऊ, आये. इथूनच बोल."

लिलाव सुरू झाला. कोळंबीची पहिली टोपली गेली. कमळने बोली लावली नाही. दुसरीही गेली. तिसरीतली पापलेटं तिने लांबून पाहिली, कल्पिताचा दंड घट्ट धरला आणि भाव ओरडली. माना वळल्या. टोपली तिला मिळाली, तेव्हाच तिने दंड सोडला.

आता ती बंदरावर जाते, जमेल त्या दिवशी. ओल्या फरशीवर अजून पाय टाकत नाही. लिलाव संपेपर्यंत खुब्यात कळा येतात, मग घरी येऊन दोन पायांत उशी घेऊन पडून राहते. बाजारात मात्र ती गेलेली नाही. कल्पिता बोलावते, ती विषय बदलते.

परवा कल्पिताने विचारलं, "खूप दुखतंय काय, आये?"

"दुखतंय," कमळ म्हणाली. "उद्या जरा लवकर निघू."