पिवळी बोलेनाशी झाली

गाडी चालवायला बसण्याआधी रत्नाकरकाका चपला काढायचे. देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा, जोडून. गॅरेजच्या दाराशी त्या दोन चपला दिसल्या की समजायचं, आज रविवार.

"चप्पल घालून ब्रेक दाबायचा म्हणजे मोजे घालून भात कालवायचा," असं ते म्हणत. ही सवय उरल्याच्या, म्हणजे रायपूरजवळच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, दिवसांतली. बाबांच्या रोलिंग मिलमध्ये ते वीस वर्षं ट्रेलर चालवत होते. मागे तीस टन लोखंड, पुढे उरल्याची धूळ, आणि मधे हा किडकिडीत माणूस, अनवाणी. बाबांनी त्यांना घरच्या गाड्यांवर आणलं ते त्या पायांमुळेच. एकदा बाबा ट्रेलरमध्ये त्यांच्या शेजारी बसले होते. काका मधेच म्हणाले, "मागचं डावं चाक गरम होऊन राहिलं." उतरून बघितलं तर खरंच होतं.

बाबांकडे, म्हणजे विनायकरावांकडे, दोन स्पोर्ट्‌स कार होत्या. पहिली पिवळी, जर्मन. इंजिन मागे, गिअर हातानं टाकायचे, क्लच असा जड की तासाभरात मांडी भरून यावी. दुसरी करडी, जपानी, चार वर्षांपूर्वी आलेली. तिला क्लचच नाही, दोनच पेडल. गिअर स्टिअरिंगमागच्या पात्यांवर, तेही नाही टाकले तर ती आपले आपण टाकून घेते. शून्यावरून शंभरावर जायला तिला तीन सेकंद लागायची. पिवळीला पाच.

करडी बाबांनी स्वतः अकरा वेळा चालवली. बाराव्या वेळी नवा रायपूरच्या गोल चौकात उजवीकडून येणारा स्कूटरवाला त्यांना दिसलाच नाही. स्कूटरवाला वाचला. बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला, खूप पुढे गेलेला. आता त्यांना दिसतं ते नळीतून बघितल्यासारखं, तेही धुरकट.

तेव्हापासून रविवारची फेरी सुरू झाली. सकाळी सहाला काका पिवळी काढायचे, बाबा शेजारी. समता कॉलनीतून निघून नवा रायपूरच्या सहापदरी मोकळ्या रस्त्यावर. घरी येऊन गाडी बदलायची आणि तोच रस्ता पुन्हा करडीतून. मग व्हरांड्यात चहा, आणि बाबांचा एकच प्रश्न.

"हं. पाय काय म्हणतो?"

मी नाटकाचं शिक्षण संपवून घरी आले होते. व्हरांड्यातली ती जुगलबंदी ऐकायला मी रविवारी मुद्दाम लवकर उठत असे.

"भैयाजी, करडी म्हणजे मोठ्या हाटेलातला वेटर," काका म्हणायचे. "यस सर, यस सर करते. मनात काय आहे, सांगत नाही."

"पण पळते किती!"

"पळते ना. लिफ्ट बी पळते. लिफ्टमदी बसून कोनाले मजा येते का?"

"आणि पिवळी?"

"पिवळी म्हणजे माही ममता. दाबलं का बोलते. रस्त्यावर गिट्टीचा खडा असला, तर कोनत्या बाजूचा तेही सांगते."

"ममतावहिनींना सांगू का हे?"

"सांगा ना. मंग मले जेवाले इथंच वाढा."

हे नुसतं गमतीचं नव्हतं. बाबांना पिवळीचं स्टिअरिंग आता हाती घेता येत नव्हतं. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांच्या वर गेला की पाठीमागून येणारा आवाज त्यांना ऐकू यायचा, पण तो आवाज पायाखाली कसा लागतो ते काकांच्या तोंडूनच कळायचं. वळणावर पिवळीचं तोंड हलकं पडायचं, ब्रेकला जरा पाय टेकवला की तोंड परत जमिनीला लागायचं, मग वळायचं. करडीत यातलं काही करावं लागत नसे. वळवली की वळली. काका हे सगळं सांगायचे आणि ऐकताना बाबांचा उजवा हात मांडीवर गिअर टाकत असायचा.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी काका चहाचा कप हातात फिरवत बसले.

"पाय काय म्हणतो?" बाबांनी दोनदा विचारलं.

"पिवळी नीट बोलून नाही राहिली, भैयाजी."

"म्हणजे?"

"ब्रेक दाबला तर वाटते, उशीत पाय घुसला. क्लच कुठं धरते, तेही समजत नाही. आज दोनदा झटका बसला ना तुमाले?"

बसला होता. बाबांचा चष्मा डॅशबोर्डवर जाऊन पडला होता.

"आणि करडी?"

"करडी जशी होती तशी. ते काही बदलली नाही."

नागपूरहून अश्विन नावाचा मेकॅनिक बोलावला. तरुण, मन लावून काम करणारा. त्यानं चारही चाकं खोलली, ब्रेकचं तेल बदललं, पेडलच्या दाबाला मीटर लावला.

"साहेब, गाडी एक नंबर आहे. पॅड नवीन, दाब पूर्ण. क्लच पण बरोबर जागेवर धरतो."

"रत्नाकर म्हणतो धरत नाही."

"मीटर म्हणतं धरतो."

"तुझं मीटर किती वर्षांचं?"

"दोन वर्षांचं, साहेब."

"त्याचा पाय अठ्ठावन्न वर्षांचा आहे," बाबा म्हणाले. बाबा आणि काका हसले. अश्विनही हसला, सामान आवरून गेला.

पुढचे तीन महिने तेच. करडी जशीच्या तशी आणि पिवळी दर रविवारी अजून मुकी. काका तिला हात लावून विचारायचे, "काहून वं? काय झालं तुले?" एकदा गावाबाहेर गाय आडवी आली. गाडी थांबली खरी, पण गायीच्या पोटापासून वीतभर अंतरावर. घरी आल्यावर काकांनी चहा घेतला नाही.

"भैयाजी, एक बोलू? पिवळीवर माहा भरोसा नाही राहिला. तुमी बाजूले बसता."

बाबांनी ठरवूनच टाकलं होतं म्हणा. दोन्ही गाड्या ठेवण्यात आता तसा अर्थ नव्हता. एक ठेवायची, एक द्यायची. कुठली, ते काकांचा पाय ठरवणार होता, आणि पाय म्हणत होता की पिवळी संपली. मार्चमध्ये भिलाईचे एक दातांचे डॉक्टर, संग्राम नावाचे, तिला घेऊन गेले. बाबांनी त्यांना स्वच्छ सांगितलं, "ब्रेकमध्ये काहीतरी दोष आहे, आम्हाला सापडला नाही." ते म्हणाले, मी बघून घेतो. गेटातून बाहेर पडताना तिचं नाक गतिरोधकाला घासेल म्हणून काका पुढे धावले. "तिरपी घ्या साहेब, तिरपी!" गाडी वळून दिसेनाशी झाली तरी त्यांचा हात तिरपाच होता.

मे महिन्यातली गोष्ट. त्या रविवारी फेरीला उशीर झाला. काका करडी घेऊन परत आले तेव्हा अकरा वाजून गेले होते. गॅरेजपुढे उतारावर आमच्याच मिलमधली लोखंडी प्लेट टाकलेली आहे, खाली बसक्या गाड्यांचं पोट घासू नये म्हणून. काका त्या प्लेटवर उभे राहून करडीची काच पुसत होते. बाबा व्हरांड्याच्या सावलीत. तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. दिसत नाही म्हणून ते स्पीकरवरच बोलतात.

"सर, संग्राम बोलतोय. थँक्यू म्हणायला फोन केला. काय गाडी आहे! आणि ब्रेक, सर! नुसतं मनात आणावं आणि थांबावी."

"तुम्ही काही दुरुस्त केलंत?"

"काहीच नाही. दोन ठिकाणी दाखवली. दोष सापडलाच नाही."

फोन ठेवून बाबा मोठ्यानं म्हणाले, "नवखा आहे. त्याला काय समजतं पेडलमधलं? काय रे रत्नाकर?"

काका काच पुसतच राहिले.

मी ताकाचा पेला घेऊन खाली उतरले, घाईत अनवाणीच. प्लेटवर पाय पडला आणि मी किंचाळले. पेला सुटला, ताक प्लेटवर सांडलं आणि कडेनं लगेच वाळू लागलं. मी उडी मारून गवतावर गेले.

"काय झालं वं, बेटा?" काका फडकं हातात घेऊन तिथंच उभे. त्याच प्लेटवर. अनवाणी. निदान पाव तास.

"काका, भाजतंय ना ते!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली स्वतःच्या पायांकडे. बाजूला व्हायचं सोडून त्यांनी उजवा पाय उचलला आणि पुन्हा प्लेटवर टेकवला. दाबला. ब्रेक दाबावा तसा, हळूहळू, पूर्ण.

"उतरा आधी!"

"थांब," ते म्हणाले. "थांब जरा."

मी त्यांचा दंड धरून ओढलं तेव्हा ते आले. तळव्यांना फोड धरत होते. चेहऱ्यावर दुखण्याचं काही नव्हतं, आणि तेच बघवत नव्हतं.

त्यांना बारा वर्षांपासून साखर आहे. गोळी आठवली तर घेतात. मी त्यांना कॉलनीतल्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी फोडांना मलम लावलं, पट्ट्या बांधल्या आणि उरलेल्या मोकळ्या जागी तपासायला नायलॉनचा एक ताठ धागा घेतला.

"डोळे मिटा काका. पायाला धागा टेकला की हो म्हणा."

काका डोळे मिटून बसले. पंखा फिरत होता. त्या वाकून एकेका बोटाला धागा टेकवत होत्या, दोन्ही पायांच्या.

"लावा ना, डॉक्टर," काका म्हणाले.

"लावून झालं, काका."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "कवापासून असं असंल?"

"हळूहळू होतं हे. सहा महिने, वर्ष. तुम्हाला पायाखाली गादीवरून चालल्यासारखं वाटत होतं का?"

"उशी," काका म्हणाले. "उशीसारखं वाटे. मले वाटलं, गाडीत आहे."

अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, आणि गाडी चालवायची नाही, हे डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं.

रिक्षात काका हिशेब लावत होते. करडी कधी बोललीच नव्हती, म्हणून तिच्यात फरक पडला नाही. तिचं काय ऐकू यायचं बंद होणार? बोलणारी एकटी पिवळी. तिचंच बोलणं बंद झालेलं कळलं, आणि खोट तिच्या नावावर गेली.

"बाबांना मी सांगू?" मी विचारलं.

"नाही. मीच सांगतो." मग थोड्या वेळानं, "चांगल्या गाडीची बदनामी केली ना वं मी. घरातून काढून देली."

त्यांनी संध्याकाळी सांगितलं, व्हरांड्याच्या पायरीवर बसून, पट्ट्यांचे पाय पुढे सोडून. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. आणि मग माझे बाबा पहिलं काय म्हणाले असतील?

"म्हणजे पिवळी बरोबर होती."

मला त्यांचा राग आला. काकांना नाही आला.

"हव. एकदम बरोबर होती."

"अश्विन सांगत होता."

"हव."

"मी त्याला हसलो."

"मी बी तर हसलो."

मग बाबांनी चाचपडत हात पुढे केला. बोटांना पट्टी लागली, तसे काका दचकले, लागलं म्हणून नाही, दिसलं म्हणून. "भैयाजी, पायाले हात नका लावू." त्यांनी पाय ओढून घेतले.

"संग्रामला फोन करतो," बाबा म्हणाले. "परत मागतो. देईल तो."

"आणि चालवन कोन?"

बाबांचा फोनकडे गेलेला हात थांबला.

"दुसरा ड्रायव्हर पाहा, भैयाजी. करडीले कोनीबी चालते. पण मी नाही. त्या दिवशी गाय होती. वीतभर होती." काकांनी खिशातून करडीची किल्ली काढली, बाबांच्या हातात दिली आणि बोटं मिटवली, त्यांना दिसत नाही म्हणून.

दुसरा ड्रायव्हर बाबांनी ठेवला नाही. करडीवर कापड घातलंय. त्यावर धूळ बसते. उरल्याची इतक्या दूरवर येते, की आपल्याच कॉलनीची, कोण जाणे.

काका अजून रविवारी येतात. तात्यापारा मोहल्ल्यातल्या आपल्या घरून रिक्षानं, दवाखान्यातून दिलेल्या जाड तळाच्या बुटांत. ते बूट गॅरेजच्या दाराशी निघत नाहीत, ते घरातसुद्धा काढायचे नसतात. दोघं व्हरांड्यात बसतात. चहा होतो. पाय काय म्हणतो, असं बाबा आता विचारत नाहीत. ते म्हणतात, "चल, काढ."

आणि काका पिवळी काढतात.

"सुरू केली. थंडी आहे, खोकलून राहिली. आता गेट. तिरपी घेतो."

"गाय?"

"नाही. रस्ता मोकळा. दुसरा टाकला. तिसरा. आला पाहा आवाज."

बाबांचा हात मांडीवर गिअर टाकतो. काकांचा डावा बूट फरशीवर क्लच दाबतो, उजवा वळणाआधी ब्रेकवर जातो. सगळं नीट, आपापल्या वेळेला. फक्त दर गिअरला काका बोलता बोलता थांबतात आणि मान खाली घालून बघतात, पाय दाबला गेला का ते.