गाड्या पुकारणाऱ्या वहिनीची प्रार्थना

आमची वहिनी देवाशीसुद्धा माइकवरून बोलल्यासारखं बोलते. तिचा काय दोष म्हणा! उभा जन्म बसस्थानकात गाड्या पुकारण्यात गेला. काचेची एवढीशी खोली, समोर माइक, शेजारी पाण्याची बाटली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कुणाचं पोर हरवलंय, सगळं तिच्या तोंडून. तिचा चेहरा कुणी ओळखायचं नाही, पण बाजारात "केवढ्याला दिली?" असं नुसतं विचारलं की चार माना वळायच्या.

शाळा सुटली की तिची लेक त्या खोलीत येऊन बसायची. एकदा वहिनी माइक बंद करायला विसरली आणि "जेवलीस का गं? डबा तसाच परत आणला असशील तर बघ हं!" हे अख्ख्या स्थानकाला ऐकू गेलं. फलाटावरून लोक ओरडले, "जेवलो!" पोरगी लाजून टेबलाखाली. साहेबांनी वहिनीला झापलं खरं, पण झापताना त्यांनाच हसू आवरेना. आमच्या घरात हा किस्सा रंगवून रंगवून सांगायचे. आता कुणी काढत नाही.

लेकीचं लग्न झालं. जावई बोलायला गोड, अगदी साखर! हात उचलतो हे आम्हाला कळेपर्यंत फार उशीर झाला. शेवटचा फोन आला तेव्हा पोरगी कुजबुजत होती. "आई, मी कधीच निघाले असते गं. पण मनीला कुठे ठेवू? मी गेले की तो मांजराचा जीव घेईल." वहिनी म्हणाली, "टॉवेलात गुंडाळ आणि घेऊन ये. दोघीही या." "येते," म्हणाली. आली नाही. मी आणि दादा गेलो तर घराला कुलूप. शेजारी म्हणाले, बिऱ्हाड हलवलं, कुठे ते माहीत नाही. पोलीस झाले, नातेवाईक झाले, चपला झिजवल्या, हाती काही लागलं नाही. दादा त्या धसक्यानेच गेला, असं मी म्हणते. वहिनी दाराशी मांजरासाठी बशी तेवढी ठेवते.

नोकरी संपल्यावर तिने हे प्रार्थनेचं काम धरलं. बिनपगारी, अर्थात. घरच्या मारझोडीतून सुटून आलेल्या बायकांसाठी इथे एक आसराघर आहे. तिथे बायका-मुलांना जागा आहे, जनावरांना नाही. म्हणून जनावरांच्या एका डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यामागे त्यांची कुत्री-मांजरं सांभाळायला घेतली आणि बाया नि जनावरं दोघांसाठी प्रार्थना करणारी माणसंही जमवली. पद्धत अशी की बाईचं नाव कुणालाच सांगायचं नाही, कारण तिच्या मागावर कुणीतरी असतं. जनावराचं नाव तेवढं सांगतात. प्रार्थना फोनवर बोलून पाठवायची. सकाळी ती आसराघराच्या स्वयंपाकघरात लावतात, पिंजऱ्यांपाशी लावतात, आणि दुसऱ्या गावांतल्या अशाच घरांनाही पाठवतात.

"कुत्र्या-मांजरांना प्रार्थनेतलं काय डोंबल कळतं?" मी विचारलं.

"आवाज कळतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वहिनीला तेच तर हवं होतं. "अशा एखाद्या घरात ती असेल ना, वन्सं, तर माझा आवाज ओळखेल."

मी चिडले. "अगं, हे देवासाठी करतेस की लेकीसाठी?"

"मला दोन्ही एकच आहे." घ्या! बोला आता!

पहिली प्रार्थना मी समोर बसून ऐकली. "कृपया लक्ष द्या. देवा, ढोल्या नावाच्या बोक्याच्या पायाला इजा झालेली आहे. त्याची मालकीण घाबरलेली आहे. दोघांना सुखरूप पोहोचवण्यात यावे." हसून हसून माझी पुरेवाट. वहिनीने बटण दाबलं, बंद झालं असं समजून फोन खाली ठेवला आणि कपाटावरच्या लेकीच्या फोटोला सवयीने विचारलं, "जेवलीस का गं?" झालं! तेही गेलं.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. वहिनी ओशाळून म्हणाली, "चुकून गेलं हो, पुसून टाका."

"राहू द्या, काकू. बायकांनी ते पुन्हा लावायला सांगितलं." तेव्हापासून प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी ते असतंच.

मग मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाई स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, एक नवी मुलगी आली आहे, अन्नाला शिवत नाही. तिचा कुत्रा काळू, तोही नाही. तिचा निरोप आहे की 'जेवलीस का' विचारणाऱ्या बाईंनीच काळूसाठी प्रार्थना करावी.

वहिनीने खुर्चीची पाठ धरली. "मांजर नाही का तिच्याकडे?"

"कुत्रा आहे, काकू."

"हनुवटीवर तीळ आहे?"

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. "मला नाही सांगता येणार."

माझा तोल गेला. "अहो, आई आहे ती! हो की नाही एवढं सांगायला तुमचं काय जातं?"

"एकदा एका मुलीच्या आईला सांगितलं होतं. तिच्या मागोमाग जावई आला." वहिनी म्हणाली, "वन्सं, बाईंना चहा टाकता का?"

त्या प्रार्थनेत 'कृपया लक्ष द्या' नव्हतं. आवाज घरातला होता. "देवा, काळूला भूक लागू दे. त्याच्या मालकिणीला भूक लागू दे." मग ती फोटोकडे वळली. "जेवलीस का गं, बाळा?" बाळा हे ती आजवर एकीलाच म्हणाली आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कळवलं, मुलगी स्वतःहून उत्तर बोलून पाठवते आहे. वहिनी केस विंचरून, ठेवणीतले कपडे घालून बसली. फोन ऐकायला! मी एका शब्दाने चिडवलं नाही. फोनवर तो निरोप आला. घोगरा, दबका आवाज. "जेवले हो. काळूही जेवला. अर्धं दूध सांडलं मेल्याने."

वहिनीने ते पुन्हा लावलं. डोळे मिटून आणखी एकदा लावलं. मग म्हणाली, "माझी नाही."

मला रडू फुटलं. रडता रडताच तिच्यावर ओरडले, "कशाला जीव जाळतेस? बस झालं आता, सोड हे!"

"असं कसं? जेवली ना ती." तिने पदराने डोळे पुसले आणि माझा हात धरला. "माझीलाही कुणीतरी विचारत असेल, वन्सं. विचारत असेल ना?"

मी हो म्हटलं. मग तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि आज कुणासाठी बोलायचं आहे ते विचारलं.