केबल नसलेल्या मीटरचा काटा

आधीच सांगून ठेवते... मी राजारामपुरीत अकरावी-बारावीच्या क्लासला फिजिक्स शिकवते. भानामती, अंगात येणं, असलं काही कुणी माझ्यापुढं बोलायला लागलं की माझं डोकं सटकतं. या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि ‘काय पण थापा!’ म्हणून अंक बाजूला टाकते. आणि आता मीच लिहायला बसलेय! हसायचं तर हसा, पण पूर्ण वाचून हसा.

आम्ही मूळचे गडहिंग्लजकडचे, लिंगायत. वडलांना अप्पा, आईला अव्वा. राजारामपुरीत खाली आमचं स्टेशनरीचं दुकान आणि वर घर. अप्पांचा जीव दोन ठिकाणी – एक अव्वा आणि दुसरी त्यांची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल. नव्वदनंतर गल्लीत सगळ्यांकडं नव्या, कमी पेट्रोल खाणाऱ्या गाड्या आल्या. अप्पा मात्र ढिम्म. “त्या गाड्यास्नी आवाज कुठं हाय? शिलाई मशीन चालल्यागत वाटतंय,” म्हणायचे.

अव्वाला स्पीडची भयंकर भीती. लग्नानंतर पहिल्यांदा मागं बसली तेव्हाच तिनं अट घातली होती – काटा उभा राहिला की बास, पुढं जायचं नाही. चष्म्याशिवाय तिला मीटरवरचे आकडे दिसायचे नाहीत, पण काटा उभा की कललेला एवढं कळायचं. चाळीसला काटा बरोबर सरळ उभा राहायचा. एका अंगाला बसून, अप्पांच्या खांद्यावरून मान काढून ती सगळ्या रस्त्यात त्या काट्यावर नजर ठेवायची. रस्त्याकडं बघायचीच नाही! काटा जरा कलला की लगेच मागून यायचं, “अवो... दमानं!”

गंमत म्हणजे ते मीटर खोटं होतं. मला गाडी अप्पांनीच शिकवली (मुलीला मोटरसायकल शिकवतोय म्हणून गल्लीनं नावं ठेवली, त्यांनी ढुंकून बघितलं नाही). त्यांची शिकवायची तऱ्हाच वेगळी. मीटरवर रुमाल बांधायचे आणि मागं बसून विचारायचे, “सांग, किती?” इंजिनाच्या आवाजावरून मी सांगायचं. मग रुमाल सोडून हायवेवर किलोमीटरचे दगड आणि हातातलं घड्याळ धरून हिशेब करायचा. त्यातच कळलं की काटा चाळीसवर असतो तेव्हा गाडी पस्तिशीच्या आसपासच असते. मी म्हटलं, “अप्पा, अव्वाला सांगत का न्हाईसा? अजून पाच मारता येतील की!”

“नगं. तिला भ्या त्या काट्याचं हाय, स्पीडचं न्हवं. काटा उभा हाय तवर ती निवांत बसती. बसू दे की.”

आणखी एक खोड होती त्यांची. चढावर गिअर उतरवायच्या आधी दोनदा रेस द्यायचे. घुर्र-घुर्र... आणि मग खट्. मला ते कधीच जमलं नाही, मी सरळ गिअर टाकते. त्या दोन रेसवरून अव्वाला वरच्या मजल्यावर कळायचं की गल्लीच्या चढाला कोण आलंय. ती लगेच तवा चुलीवर ठेवायची.

अप्पा गेले ते हार्ट अटॅकनं. तीन दिवस दवाखान्यात होते, बरे होत होते, नर्सची चेष्टा करत होते. त्या दुपारी म्हणाले, “आज दवाखान्याचं नगं, तुझ्या हातचं आण.” अव्वा डबा आणायला घरी गेली. ती परत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

अव्वा रडली नाही. अंत्यविधीला नाही, नंतरही नाही. पाहुणे म्हणायचे, घट्ट बाई आहे. घट्ट कसली? ती बंद पडली होती. दुकानात उतरणं सोडलं, बोलणं सोडलं. काही विचारलं की “बरं.” जेव म्हटलं की “बरं,” आणि अर्धी भाकरी ताटात तशीच. डॉक्टर म्हणाले, तब्येतीला काही नाही. मला मात्र दिसत होतं की ही बाई आमच्या डोळ्यांदेखत विझत चाललीय, आणि माझ्या हातात काही नाही. रात्री उशीत तोंड खुपसून मीच रडून घ्यायचे.

माझा मोठा भाऊ, अण्णा, कागलच्या एमआयडीसीत नोकरीला. त्यानं एक काम केलं. गाडी विकणारे लोक मीटर पळू नये म्हणून केबल काढून ठेवतात, तुम्हाला माहीत असेल. अण्णानं विकायला नाही, वेगळ्याच कारणानं काढली. मीटरवर जो किलोमीटरचा आकडा होता तो अप्पांनी चालवून झालेला शेवटचा आकडा. तो बदलायला नको म्हणून त्यानं चाकापासून मीटरपर्यंतची केबल आख्खी काढली, पेपरात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. मी गाडी अधूनमधून क्लासला न्यायचे. काटा कायम शून्यावर आडवा.

दरवर्षी लग्नाच्या तिथीला अप्पा आणि अव्वा गाडीवरून जोतिबाला जायचे. अप्पा गेले त्या वर्षी कुणी नावच काढलं नाही. पुढच्या वर्षी, म्हणजे दोन हजार चार किंवा पाच साल असेल, त्या सकाळी मी उठले तर अव्वा अंघोळ करून, इरकल नेसून खिडकीत उभी. खाली गाडीकडं बघत.

मी म्हटलं, “अव्वा, चल. मी नेतो तुला जोतिबाला.” (हो, कोल्हापूरच्या पोरी घरात ‘नेतो-जातो’च म्हणतात. हसू नका.)

ती म्हणाली, “मीटर चालू हाय?”

“न्हाय की. अण्णानं केबल काढलीया.”

“मग मी बघू कशाकडं?”

एवढ्या महिन्यांत ‘बरं’ सोडून तिनं विचारलेला तो पहिला प्रश्न. मला भडभडून आलं. तिचा हात धरला आणि शपथ घेऊन सांगितलं की आवाजावरनं चालवतो, चाळीसच्या वर जात न्हाय. कशीबशी बसली. पण तिचा हात माझ्या खांद्यात असा रुतलेला... पंचगंगेचा पूल ओलांडला तरी सैल होईना. दोनदा म्हणाली, “माघारी चल.” मी ऐकलं नाही. हट्टी आहे मी, अप्पांवर गेलेय.

केर्लीपासून डोंगराचा रस्ता सुरू झाला. सकाळचे नऊ-साडेनऊ, लख्ख ऊन, रस्त्याला गर्दी नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण अंधार नव्हता, धुकं नव्हतं, मी पूर्ण शुद्धीत होते.

पहिल्या वळणानंतर मला काटा हलल्यासारखा वाटला. म्हटलं, चढावर गाडी हादरतेय, त्यानं थरथरला असेल. पण तो थरथरत नव्हता. सावकाश, एका लयीत वर येत होता. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, आवाजावरून फार तर वीस-बावीसचा स्पीड. आणि काटा दहा... वीस... तीस... चाळीसला आला आणि सरळ उभा राहिला. तिथंच.

दचकून मी अ‍ॅक्सिलेटर सोडला. तेवढ्यात खांद्यावरचा हात सैल झाला.

पुढं चढ तीव्र होता, गिअर उतरवायचा होता. मी अजून पाय हलवला नव्हता. अ‍ॅक्सिलेटर तर मी आधीच सोडलेला. आणि इंजिनानं दोनदा रेस घेतली. घुर्र-घुर्र.

मागून अव्वा म्हणाली, “अवो... दमानं!”

तोच आवाज. तीच कुरकुर, तोच लटका राग. वर्षभरात मी तो ऐकला नव्हता. मी गाडी कडेला घेतली, उभी केली. इंजिन चालू, चाकं थांबलेली... आणि काटा चाळीसवर उभा.

अव्वा खाली उतरली. पुढं आली. मीटरच्या काचेवर पालथी बोटं ठेवली, तापानं फणफणलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तशी. माझ्याकडं तिचं लक्षच नव्हतं. काचेकडं बघून म्हणाली, “डबा आणाया गेलतो की ओ मी. कांदा चिरला, झुणका टाकला, पळत आलो. तेवढं थांबला न्हाईसा?”

आणि फुटली. रस्त्याच्या कडेला, भर उन्हात, हँडलला धरून ती हमसून-हमसून रडली. वर्षभराचं सगळं रडली. मधेच रागवायची, “न सांगता जायचं असतंय व्हय?” मधेच काच पदरानं पुसायची. वरून एक जीप गुलालानं माखलेली माणसं घेऊन ‘चांगभलं’ करत गेली, तीही जरा हळू झाली. मी नुसती उभी. जवळ जावं असं वाटेना. तिथं मी तिसरी होते.

ती शांत झाली तसा काटा खाली आला. धाडकन नाही. गाडीचा वेग उतरताना येतो तसा, सावकाश, शून्यापर्यंत. अव्वानं नाक पुसलं, मागं बसली. “चल. दर्शनाला रांग आसंल.”

घरी आल्यावर मी अण्णाला कपाट उघडायला लावलं. केबल पेपरात होती तशीच. मीटरवरचा किलोमीटरचा आकडाही जागचा हललेला नव्हता. म्हणजे चाकाचा आणि मीटरचा काही संबंध आला असता तर आकडा पुढं जायला हवा होता. अण्णा म्हणाला, आतली स्प्रिंग हादऱ्यानं अडकली असंल. ठीक आहे. मी हट्टानं नंतर चार-पाच वेळा एकटी त्या घाटात गेले, त्याच गिअरमध्ये, तेवढाच आवाज ठेवून. काटा जरासा थरथरतो, बास. मीटरच्या आत केबल लोहचुंबक फिरवते, त्याच्या ओढीनं काटा वर जातो – हे मी मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवते. केबल नाही तर ओढ नाही. दोन रेस म्हणाल तर जुन्या टू-स्ट्रोकचा कार्बोरेटर कधीकधी असं करतो, मान्य. स्प्रिंगही अडकत असेल, मान्य. पण हे सगळं नेमकं त्या तिथीला, त्या चढावर, अव्वा मागं असतानाच?

दुसऱ्या दिवसापासून अव्वा दुकानात बसायला लागली. गिऱ्हाइकांवर ओरडायला लागली, म्हणजे बरीच झाली म्हणायचं.

मी मात्र ते डोक्यातून काढू शकले नाही. काही महिन्यांनी ती भाकरी थापत होती तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसले. स्प्रिंग, चुंबक, कार्बोरेटर, सगळं समजावून सांगितलं आणि म्हटलं, “अव्वा, किती डोकं लढवलं, मला कायच कळंना बघ.”

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाली, “तुला कसं कळंल, शैले? तुला भेटाया आलं न्हवतं त्ये.”