आधी खरवडायचं

रंगारी रोज सकाळी बायकोच्या खोलीच्या दारात थांबायचा. स्वतःच्याच घरात आत पाऊल टाकायची परवानगी त्याला रोज नव्याने मिळायची, आणि ती मिळायची संगणकाकडून.

ऐकायला विचित्र वाटतं, पण गोष्ट साधी होती. बायको अठ्ठावीस वर्षं एका कचेरीत टायपिस्ट. विसरायचा आजार जडलाय असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दिवशी घरी येऊन, पायातल्या चपला न काढता, तिने स्वतःसाठी एक पान टाइप केलं आणि पडद्याच्या मधोमध ठेवून दिलं. तेव्हापासून ती उठली की पलंगाशेजारचा संगणक लावायची आणि मोठ्याने वाचायची: ‘दारात उभा असलेला माणूस तुझा नवरा आहे. घरं रंगवतो. हातावरचे डाग रंगाचे आहेत. माणूस चांगला आहे. भिऊ नकोस.’ मग मान वर करून म्हणायची, “अहो, उभे का? या ना आत.” तिथून त्यांचा दिवस सुरू व्हायचा. तेच पान त्याने एकदा कागदावर छापून दिलं, तर तिने टराटरा फाडलं. कागद काय, कोणीही आणून ठेवेल, असं तिचं म्हणणं. पडद्यावरचं मात्र तिच्या बोटांना पाठ होतं.

पण संगणक म्हातारा झाला. पान उघडायला पंधरा-पंधरा मिनिटं लागायला लागली. तेवढा वेळ हा दारात ताटकळत उभा, आणि ती हनुवटीपर्यंत पांघरूण ओढून, डोळे मोठे करून त्याच्याकडे बघतेय. चाळीस वर्षांच्या संसारानंतर बायकोने आपल्याला घाबरावं, हे त्याला बघवेना.

त्याने परगावच्या पुतणीला फोन लावला. ती म्हणाली, “काका, त्याच्यावर लिनक्स नावाची नवी सिस्टिम टाका. जुन्या मशीनला हलकं पडतं. मी पेन ड्राइव्ह तयार करून पाठवते. फक्त एक लक्षात ठेवा, मध्ये विचारेल, जुनं राहू द्यायचं का सगळं पुसायचं. राहू दे म्हणा.”

“बरं बरं,” रंगारी म्हणाला.

पेन ड्राइव्ह आला. रविवारी दुपारी बायको शेजारणीकडे बसली होती, तेव्हा त्याने काम काढलं. तो प्रश्न आला. आणि इथे चाळीस वर्षांचा धंदा आडवा आला. या माणसाची गिऱ्हाइकांशी जितकी भांडणं झाली, ती एकाच गोष्टीवरून. लोक म्हणायचे, वरून एक हात मारा की. हा शिडी उचलून चालू लागायचा. जुन्यावर नवा थर मारला की चार महिन्यांत पोपडे येतात. आधी खरवडायचं, मग रंग. पुतणी शिकलेली खरी, पण तिने कधी भिंत खरवडली होती? आणि पान म्हणजे भिंतीवरची तसबीर, भिंत नव्हे, रंग झाला की परत जागेवर येणारच, असा त्याचा भाबडा हिशेब. त्याने सगळं पुसायला सांगितलं.

तासाभराने संगणक म्हणाला, झालं, पेन ड्राइव्ह काढा. त्याने काढला. पडदा काळाठिक्कर, वर पांढरी एक ओळ: सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही. त्याने वायरी हलवल्या, बटण सात वेळा दाबलं, संगणकाच्या पंख्यावरची धूळ पुसली. शेवटी घामाघूम होऊन पुन्हा फोन.

“चालू करताना एफ-टूची कळ दाबत राहा,” पुतणी म्हणाली. “यादी आली? त्यात सिक्युअर बूट म्हणून एक कुलूप असतं, ते बंद करा. आता आधी कशावरून सुरू व्हायचं, तो क्रम बघा. जुनी सिस्टिम दिसतेय का यादीत?”

“जुनी कुठली? ती खरवडून काढली.”



“काका,” ती हळूच म्हणाली, “काकूंचं पान?”

“ते असेल की आत. एकदा सुरू तर होऊ दे.”

“आत काही नाही, काका. त्याच जागेवर नवीन लिहिलं गेलंय. ते आता परत मिळणं कठीण आहे.”

ती रडत रडत पुढचं सांगत राहिली, हा यंत्रासारखा दाबत राहिला. संगणक सुरू झाला, अर्ध्या मिनिटात. पडदा कोरा करकरीत.

संध्याकाळी एका बोटाने त्याने पान पुन्हा लिहिलं. शब्द न् शब्द पाठ होता. ‘माणूस चांगला आहे’ इथे मात्र बोट अडलं. त्याने ते टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. तिचा शब्द आपल्या हाताने पुसून टाकणाऱ्याने स्वतःला चांगलं म्हणायचं, ते कुठल्या तोंडाने? तेवढं वाक्य त्याने गाळलं.

सकाळी तो दारात उभा राहिला. पान झटकन उघडलं. तिने वाचलं. ‘...हातावरचे डाग रंगाचे आहेत. भिऊ नकोस.’ ती थांबली. बोटांनी आणखी खाली शोधलं, पुन्हा वर गेली.

“तुम्ही माझे यजमान आहात, असं लिहिलंय,” ती म्हणाली. “पण माणूस कसे आहात, ते नाही लिहिलेलं.”

त्याने रंगाचे डाग पडलेले हात पुढे करून दाखवले. माणूस कसा आहे, ते आजवर त्याच्या वतीने तीच सांगत आली होती.

तिने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. “दार लावून घ्या,” ती म्हणाली, परक्या माणसाशी बोलावं तसं, अदबीने.

त्याने बाहेरून दार लावून घेतलं.