क्रूझवरचं चौथं नाव

आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी मला येड्यात काढायला नको. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयाच्या ऑफिसात पंचवीस वर्षं काढली, दाखले आणि सह्यांशिवाय कशावर विश्वास ठेवायची सवयच राहिली नाही. अमावस्येला गाडी घेऊ नका म्हणणाऱ्या सासूबाईंना मी अमावस्येलाच स्कूटी आणून दाखवली होती. अशा सदरातले अनुभव वाचून मी दर वेळी आमच्या ह्यांना म्हणायची, "उगं टाइमपास, दुसरं काय!" आता स्वतःवर बेतलं तेव्हा लिहायला बसलेय. हसायचं तर हसा.

माझा दादा लातूरला असायचा. क्लासेसमध्ये फिजिक्स शिकवायचा. तो, वहिनी, दोघंच — मूलबाळ नाही. आई-वडील गेल्यावर मला "बेबी" म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे दादा. बाकी सगळ्यांना मी नंदाताई. दादाला जहाजाचं भारी वेड. विष्णुपुरीच्या धरणावर नेलं तरी म्हणायचा, "बेबी, हे काय पाणी हाय का? पाणी बघायचं तर जमीन दिसली नाही पाहिजे!" लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून त्यानं मुंबई-गोवा क्रूझ बुक केली होती, चौघांची. तो, वहिनी, मी आणि आमचे हे. मग कोविड आला, तारीख पुढं गेली. परत पुढं गेली. आणि दुसऱ्या लाटेत दादाच गेला.

इथं मला थोडं थांबून एक गोष्ट सांगावी लागेल. ती आजवर मी कुणालाच सांगितली नव्हती, ह्यांनासुद्धा नाही.

दादा गेल्याचा फोन सकाळी आला. वहिनी स्वतः पॉझिटिव्ह, दुसऱ्या इमारतीत ऑक्सिजनवर. आमचे हे तापानं फणफणलेले. चुलत-मावस नातेवाइकांनी फोनवर रडून घेतलं, पण निघायला कुणी तयार नाही. मग मीच ई-पास काढला आणि गाडी करून लोहा, अहमदपूर करत एकटी लातूरला गेले. दवाखान्याच्या मागच्या बाजूला पत्र्याखाली उभी राहिले. स्ट्रेचरवर पांढऱ्या पिशवीत गुंडाळलेलं... ते. वर चिकटपट्टीवर पेननं नाव लिहिलेलं. पीपीई किट घातलेला एक वॉर्डातला माणूस होता, बिचारा चांगला होता. म्हणाला, "ताई, चेन उघडून तोंड दाखवू का? लांबूनच बघा. सही करायच्या आधी बघितलेलं बरं असतं."

मी म्हणाले, "नको भाऊ, नको. सही कुठं करायची तेवढं सांगा."

भ्याले मी. घरी नवरा आजारी, पोरगी बारावीला... हे सगळं खरं आहे, पण त्या क्षणी मला पोरगी आठवली नव्हती. मी नुसती भ्याले होते. सही केली आणि जाळायला नेईपर्यंत सगळा वेळ खाली फरशीकडं बघत उभी राहिले.

आमच्याकडं माणूस गेल्यावर पहिला प्रश्न एकच असतो — तोंड पाहिलं का? कसं गेलं, कशानं गेलं, ते मागनं. तोंड पाहिलेलं नसेल तर माणसाचं रडूसुद्धा नीट निघत नाही. वहिनी दवाखान्यातून घरी आल्या आणि त्यांनीही तेच विचारलं. "नंदाताई, तुम्ही तोंड पाहिलं ना?"

मी म्हणाले, "हाव वहिनी. पाहिलं."

"कसे दिसत होते?"

"शांत. झोपल्यावाणी."

बस्स. तिथंच संपायला पाहिजे होतं. पण वहिनी दर शनिवारी फोन करायच्या आणि फिरून फिरून तिथंच यायच्या. डोळे मिटलेले होते का? हाव. दाढी वाढली होती? थोडी. ओठ? ओठ जरा हसल्यासारखे. खोटं बोलायला लागलं की जीभ आपोआप पुढचं पुरवते. वहिनी फोनवर रडायच्या, मग म्हणायच्या, "तुम्ही पाहिलं म्हणून मी जेवून राहिले, नंदाताई. नाहीतर मला वाटलं असतं, दुसऱ्याच कुणाला ह्यांच्या नावानं देऊन टाकलं." मी फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन बसायची.

दिवाळीनंतर क्रूझ कंपनीचा मेल आला — आता शेवटची तारीख, याल तर या. मी म्हटलं सोडून देऊ. नव्या व्हेरियंटच्या बातम्या सुरू झाल्या होत्या. शिवाय लोक काय म्हणतील? घरातलं माणूस गेलं आणि ह्या बाया जहाजात मिरवायला निघाल्या! पण वहिनी हटून बसल्या. "त्यांनी ठरवलेलं आहे, मोडायचं नाही. आणि त्यांचं नाव पण यादीतून काढायचं नाही."

काय बोलणार? ऑनलाइन फॉर्म मीच भरला. चार नावं तशीच ठेवली.

मुंबईला बंदरावर तिघांचे आरटीपीसीआर रिपोर्ट दाखवले, तिघांचे फोटो काढले. जहाजावर चढता-उतरताना आपलं कार्ड घेऊन फोटोशी चेहरा जुळवून बघायचे. तेवढ्यापुरता मास्क खाली, की लगेच वर. दादा आलेला नाही हे मी काउंटरवर सांगितलं. तिथल्या मुलीनं नावापुढं खूण केली, तरी वहिनींच्या केबिनचं पाकीट दोन कार्डांचंच दिलं. वहिनींनी आपलं कार्ड काढून घेतलं आणि दुसरं आतच ठेवून पाकीट परत चिकटवून पर्समध्ये टाकलं.

जहाज म्हणाल तर झकास. आमचे हे पहिल्या तासातच आडवे झाले, ओवा चघळत. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बॅगेच्या तळाशी लपवून आणली होती, ती वहिनींनी आणि मी बाल्कनीत बसून खाल्ली. जमीन दिसेनाशी झाली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "बघा, हेच बघायचं होतं त्यांना." आणि कितीतरी महिन्यांनी त्या हसल्या. मला वाटलं, बरं झालं आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोवा. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही दोघं जाऊन या, मी इथंच पाणी बघत बसते." बसनं चर्च, बाजार असं फिरवून चार-साडेचारला परत आणलं. आमच्या ह्यांना बसमध्ये मळमळायला लागलं होतं म्हणून ते घाईनं पुढं आत गेले. मी रांगेत. लख्ख ऊन होतं, मागं पन्नास माणसं. हे मुद्दाम सांगतेय, कारण असल्या गोष्टी अंधारातच होतात असं मलाही वाटायचं.

जहाजाच्या शिडीशी, ज्याला ते गँगवे म्हणतात, तिथं एक चाळिशीचा गार्ड होता, हातात टॅब. मी कार्ड दिलं, मास्क खाली केला. त्यानं फोटो बघितला आणि विचारलं,

"मैडम, आप ही बेबी हैं?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "क्या?"

"आपके भाईसाहब अभी अंदर आए. कार्ड केबिन में भूल गए हैं. लिस्ट में नाम है, फोटो नहीं है. मास्क नीचे करने को बोला, तो किए नहीं. बोले, पीछे बेबी आ रही है, उससे पूछ लो. उसने मेरा चेहरा देखा है."

गार्डनं आत बोट दाखवलं. "वो खड़े हैं, देख लीजिए. आपके ही भाई हैं ना? देखा है ना चेहरा?"

तीन-चार पावलांवर कुणीतरी उभं होतं. एवढं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून कळलं. पांढरा शर्ट असावा. मान वर केली असती तर दिसलं असतं. दादा की दुसरं कुणी, जे काय होतं ते उन्हात स्पष्ट दिसलं असतं. मागून कुणीतरी "चलिए ना मैडम" म्हणून ओरडलं. आणि मी... माझ्या चपलांकडं बघत म्हणाले,

"हाँ. देखा है."

गार्डनं टॅबवर बोट टेकवलं. मी वर बघितलं तेव्हा समोर रिकामा पॅसेज होता.

संध्याकाळपर्यंत मी ते जहाज पिंजून काढलं. जेवणाचा हॉल, वरचे डेक, लिफ्टा... मास्क लावलेली माणसं, कोण कुणाला ओळखणार! ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "ऊन लागलंय तुला. त्यानं यादीतलं नाव वाचलं असेल." नाव वाचेल हो, बेबी कुठनं वाचेल? यादीत मी सुनंदा आहे. आणि चेहरा पाहिल्याचं? मी तो पाहिला नव्हता हे माहीत असलेली दोघंच — मी, आणि तो किट घातलेला माणूस, ज्याला मी आजही ओळखणार नाही. वहिनींना काहीच सांगितलं नाही. रात्रभर जागी होते.

सकाळी मुंबई. उतरायच्या हॉलमध्ये आम्ही सामान घेऊन बसलो होतो. तेवढ्यात स्पीकरवरून आवाज आला — मिस्टर दत्तात्रय, पुढं आमचं माहेरचं आडनाव, तेही वाकडंतिकडं. कृपया गँगवेवर यावं.

वहिनींच्या हातातली पाण्याची बाटली पडली. दुसऱ्यांदा नाव घेतलं. तिसऱ्यांदा. सगळा हॉल ऐकून राहिला होता. मग एक अधिकारी आणि तोच गार्ड आमच्याकडं आले. अधिकारी म्हणाला, एक माणूस कमी भरतंय. हे साहेब मुंबईत चढल्याची नोंद नाही, पण गोव्यात आत आल्याची आहे.

वहिनींनी पर्समधलं पाकीट काढून दिलं. चिकटवलेलं होतं तसंच. अधिकाऱ्यानं फोडलं, आतून दादाचं कोरं करकरीत कार्ड निघालं. तो गार्डकडं रागानं बघायला लागला. गार्ड बिचारा घाबरला आणि माझ्याकडं हात करून म्हणाला, "सर, इन मैडम ने पहचाना था. मेरे सामने बोलीं, चेहरा देखा है."

वहिनी माझ्याकडं वळल्या. त्यांच्या डोळ्यांत जे आलं होतं ना, ते मला लिहिता येणार नाही. आशा म्हणा. मला त्याची भयंकर लाज वाटली.

"नंदाताई, तुम्ही पाहिलं ह्यांना? काल?"

आणखी एक खोटं सहज बोलता आलं असतं. पण आता तोंडातून निघेना.

"नाही वहिनी. काल नाही पाहिलं. आणि... तेव्हाही नव्हतं पाहिलं. तो चेन उघडतो म्हणाला होता, मीच नको म्हणाले. मी भ्याले वहिनी. तोंड मी पाहिलंच नाही."

आमचे हे उठून उभे राहिले. वहिनी रडतील, मला चार लोकांत शिव्या देतील, थोबाडीत मारतील, कशालाही मी तयार होते. वहिनी मात्र अधिकाऱ्याकडं वळल्या. अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "वो उतर गए होंगे. आप लिख दीजिए."

सगळ्या केबिनी तपासल्या, तासभर जहाज अडकवलं. जास्तीचं माणूस कुणी सापडलं नाही. शेवटी सिस्टिमची चूक म्हणून कागद मिटवला. मुंबई ते लातूर वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. मी माफी मागितली, तर म्हणाल्या, "राहू द्या. तुम्ही तरी काय करणार होतात."

घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यातून काळी पोत काढली आणि गळ्यात घातली. कुंकू लावलं. गल्लीत बोभाटा झाला. चुलत्यांचा मला फोन — "तुझ्या वहिनीचं डोकं फिरलं. तू समजाव, तुझंच ऐकल ती." कोणत्या तोंडानं समजावू? मेलेत ते, काढा ती पोत — हे म्हणायला मला काय माहिती आहे? मी सही केली त्या कागदावर दादाचं नाव होतं, एवढंच मला माहिती आहे. गोदावरीत अस्थी मीच सोडल्या. कुणाच्या सोडल्या, देव जाणे.

खूप विचार केला. गर्दीचा फायदा घेऊन भलताच कुणी आत शिरला असेल. गार्ड घोटाळला असेल. पण "बेबी"चं उत्तर माझ्याकडं नाही आणि आता मी ते शोधतही नाही. दादा असेल तर तो मला पकडून द्यायला आला होता की मोकळं करायला, हेही मला ठरवता येत नाही. आणि तो जिवंत... नको. तो विचार मी पुरा करत नाही.

वहिनींचा शनिवारचा फोन अजून येतो. आता त्या तोंडाचं विचारत नाहीत. गेल्या शनिवारी म्हणाल्या, "नंदाताई, ती पिशवी उंचीला केवढी होती हो? ह्यांच्याएवढी होती का?"

आता मी खरं तेच सांगते. म्हणाले, "मला नाही माहीत वहिनी. मी खाली बघत होते."