जिवाणूंची राखण

बनाबाई रोज सकाळी पोहऱ्यातल्या पाण्याचा वास घ्यायची आणि ते ओतून द्यायची. आखाडा बाळापूरजवळच्या एका पेट्रोल पंपाची टाकी गळून पेट्रोलमधलं रसायन तिच्या विहिरीत उतरलं होतं. विहीर सुधारली नाही, तर मेंढरं विकावी लागणार होती. संशोधक कोमलने तिथल्याच मातीतले, ते रसायन खाणारे जिवाणू वाढवून विहिरीभोवती सोडले. आठवड्याने पंचायतीचा शिपाई प्रभू नेहमीसारखी ब्लीचिंग पावडर घेऊन आला. बनाबाई आडवी आली.

“काहून अडवता, मावशी? जंतू मरतील की!”

“तेच तर पोसून राहिलो आमी, मेंढरांसारखे. न्हाई टाकू देणार!”

पुढच्या उन्हाळ्यात तपासणीत पाणी शुद्ध निघालं. मेंढरांनी पाण्याच्या डोणीवर झुंबड केली. कोमलचे डोळे भरून आले.

बनाबाई म्हणाली, “बाजूला हो, पोरी. पायावर पाय देतील.”